आक्काच्या दारचं पाणी

सारजाबाई बसली की उठायची, उठली की बसायची. खिडकीशी जायची, खाली औरंगपुऱ्याच्या गल्लीतला रिक्षांचा कालवा बघायची, परत कॉटवर टेकायची. टेकते न टेकते तोच लुगड्याचा घोळ मुठीत धरून, भिंत चाचपत संडासाकडं निघायची. गुडघे दोन्ही वठलेले, वाकतच नव्हते. दार लागायचं. मग आतून बादलीचा आवाज यायचा, मगाचा यायचा, आणि मग बराच वेळ कसलाच यायचा नाही.

"आत्याबाई, झालं का?" सून आशामती स्वयंपाकघरातून विचारायची.

"व्हतंय. तू तुझं काम कर."

बाहेर यायची तेव्हा लुगडं बदललेलं असायचं. ओलं लुगडं पिळून तिनं कुठं दडवलं, हे आशामतीला ठाऊक असायचं. पण विचारायचं नाही, असं दोघींत न बोलता ठरलं होतं.

हे दीड वर्षापासूनचं. पण त्या दिवशीची तगमग वेगळी होती. सकाळीच कन्नडहून कडूबाचा फोन आला होता. कडूबा हा सारजाबाईच्या थोरल्या बहिणीचा, वच्छलाबाईचा मुलगा.

"मावशी, आईचं काय खरं नाय. अन्न तुटलंय. बाजेवरून उठत नाय."

"मला इचारती का रे?"

कडूबा घुटमळला. "इचारती. पण कसं सांगू... म्हणती, सारजीनं जित्यापणी मह्या घरचं पाणी तोडलं. आता निदान तोंडात पाणी सोडायला तरी ये म्हणावं."

फोन ठेवल्यापासून सारजाबाईच्या पायांत भिंगरी शिरली होती.

मायबाप कधीच गेले. भाऊ नव्हता. थोरल्या बहिणीचं घर तेच धाकटीचं माहेर. सारजाबाई तरणी होती तेव्हा जात्यावर बसली की पहिली ओवी आक्काच्या नावानं घालायची:

*मायबाप गेले बाई, माहेराला कुलूप न्हाई*
*थोरली बहीण दारामंदी, तांब्या घेऊन उभी ऱ्हाई*

या मुलखात पाण्याला फार अर्थ. पाहुणा उंबऱ्याच्या आत आला की आधी हातात तांब्या, मग तोंडात शब्द. घोटभर घेतलं की नातं पुन्हा हिरवं झालं. तांब्या मागं सारला की बोलायची गरजच उरत नाही. माणसं म्हणतात, पाणी तोडलं.

मागच्या वैशाखात आक्काच्या पणतवंडाचं जावळ होतं. उन्हातून, बसमधून उतरलेल्या सारजाबाईपुढं आक्कानं स्वतःच्या हातानं तांब्या धरला होता. भरल्या मांडवात, चार बायांसमोर. आणि सारजाबाई म्हणाली होती, "नगं आक्का, तहान नाय." चहाही नको म्हणाली, जेवायलाही थांबली नाही. महिन्याआधीच कडूबाच्या धाकट्या पोरासाठी तिनं सुचवलेली मुलगी आक्काच्या घरानं नाकारली होती. सगळ्यांनी एकच अर्थ लावला. सारजीनं राग धरला. तेव्हापासून ना फोन, ना निरोप.

"मला कन्नडला जायचं," सारजाबाई खिडकीशी म्हणाली. दोन पावलं आली. "नाय. नाय जायचं." परत खिडकीशी गेली. "पर ती मेली तर गं, आशे?"

आशामतीनं हातातली भाकरी परातीत तशीच टाकली. "आत्याबाई, खरं सांगा. पाणी कामून घेतलं नव्हतं तुम्ही?"

सारजाबाईनं गल्लीकडं तोंड फिरवलं. "येताना परत बसच व्हती. वाटंत कुठं जाणार व्हते मी? आदल्या रातीपासून घोट घेतला नव्हता. तिच्या दारात घेतला असता तर मांडवातच..."

आशामतीची नजर कॉटशेजारच्या तांब्यावर गेली. सकाळी भरून ठेवलेला, दुपार झाली तरी काठोकाठ. "आणि घरी? घरी पण याच्यासाठीच पीत नाही?"

"तुमचा नळ आठ दिसाला येतो, बाई. ड्रमातलं पाणी मह्या चादरी धुण्यात घालायचं, का लेकरायनं प्यायचं? म्हणलं, वरून घातलं नाय तर खालून येणार नाय."

"पण येतंय ना तरीबी?"

"येतंय," सारजाबाई म्हणाली. "जास्तच येतंय मेलं. आन् आग व्हती."

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथनं आईला दवाखान्यात नेलं. तो मायाळू होता, पण आईशी या विषयावर बोलायचं म्हटलं की त्याचे डोळे मोबाइलवर जायचे. डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, तीत जंतू निघाले, गोळ्या दिल्या. म्हणाल्या, "आजी, पाणी तोडलंत म्हणून लघवी कडक झाली. कडक लघवी पिशवीला टोचते, मग पिशवी थोड्याशावरच ओरडते. दिवसा भरपूर प्या, संध्याकाळनंतर आवरतं घ्या. चहा कमी. आणि लागेपर्यंत थांबू नका, लागायच्या आधीच जाऊन या."

"पाणी तोडलंत" हे शब्द ऐकून सारजाबाई खुर्चीतच दचकली. बाईंना कन्नडचं कुणी सांगितलं?

निघताना बाईंनी आशामतीला विचारलं, "संडास लांब आहे का? पोचायला वेळ लागतो का त्यांना?"

"नाही हो, चार पावलांवर तर आहे," आशामती म्हणाली. आणि रिक्षात बसल्यावर तिच्या मनात ते घोळत राहिलं. चार पावलं. दारापर्यंतची फरशी तर नेहमी कोरडी असते. म्हणजे आत्याबाई पोचतात तर वेळेवर.

त्या संध्याकाळी ती दार न लावू देता मागोमाग आत गेली. "बाहेर हो!" सारजाबाई ओरडली, पण ओरडायला तिच्याकडं वेळच नव्हता. ती त्या उंच पांढऱ्या भांड्यापुढं उभी होती आणि दोन्ही हात मागं नेऊन कासोट्याशी झगडत होती. खोचलेला काठ पाठीशी घट्ट. ओढू जावं तर उलट आवळत होता. कासोटा सुटला, आणि तोवर पायांवरून धार निघून गेलीही होती.



"आत्याबाई," आशामती हळूच म्हणाली, "पोचता तर तुम्ही वेळेवर. सुटत नाही वेळेवर."

गुडघे वाकत होते तोवर अडचण नव्हती. खाली बसावं, कासोटा एका बोटानं बाजूला सारावा, झालं. साठ वर्षं शेतात, रानात, कुठंही. गुडघे गेले तेव्हा बद्रीनाथनं आईसाठी हौसेनं खुर्चीसारखा संडास बसवून घेतला. त्यावर बसायचं तर सगळा कासोटा सोडावा लागतो, हे ना गवंड्याच्या ध्यानात आलं, ना लेकाच्या. आणि सारजाबाईला वाटत राहिलं, आपलं आतलंच काहीतरी झिजलं.

"मग गाऊन घाल ना, आई," बद्रीनाथ मोबाइलमधून मान न काढता म्हणाला.

"गाऊन? मही जाऊ भागूबाई दवाखान्यात गाऊनमधीच गेली. मला ठिवायची का मसणात न्यायची, ते आधी सांग."

"तर मग गोल नेसा," आशामती म्हणाली. "लुगडं तेच. नुसता कासोटा घालायचा नाही."

आता मात्र सारजाबाई कॉटवरून उठलीच. "कासोटा सोडू? आमच्या घरातली बाई बिगर कासोट्याची दारात उभी ऱ्हात नाय! मही सासू मेली तर कासोट्यातच मेली!"

"हो का? मग मी लग्न झाल्यापासून गोलच नेसते. माझ्या हातची भाकरी कशी चालते हो तुम्हाला?"

"तुझी गोष्ट येगळी."

"कशी काय?"

"तू शहरातली," एवढं म्हणून ती खिडकीशी गेली. तिकडूनच म्हणाली, "आक्का काय म्हणंल? साऱ्या कन्नडात बोंब करंल ती. सारजी कासोटा सोडून आली."

"म्हणजे जायचं ठरलं तर," आशामती म्हणाली.

खालच्या मजल्यावर ताहेरा राहायची. गुलमंडीच्या कापडदुकानांची ब्लाऊज-परकरांची शिलाई तिच्याकडं असायची. आशामतीनं तिला गाठलं. जुनं मऊ सुती लुगडं फाडून, घड्यांवर घड्या घालून, आत राहील असं काहीतरी हवं होतं. बसमध्ये थोडं गळलं तर बाहेर कळू नये. ताहेरानं पहिली चड्डी शिवली ती नाडीची. सारजाबाईनं घातली, आणि संडासात गाठ अशी बसली की आशामतीला कात्री घेऊन आत जावं लागलं.

"एका कासोट्यातून सुटले, दुसऱ्यात घातलं व्हय गं मला?"

"मावशी, गलती हो गई," ताहेरा हसू दाबत म्हणाली. "आता इलॅस्टिक घालते. मह्या सासूला पण शिवून दिल्ती. वो तो कपडा भी पसंद करती थी. म्हणायची, फुलोंवाला डाल, कोण बघणार नाय तरी मला माहीत असतं ना."

"मग मला बी फुलांचीच दे," सारजाबाई तोऱ्यात म्हणाली. दीड वर्षात या गोष्टीवर घरात पहिल्यांदा कुणी हसलं.

मग सवय लावायची धडपड सुरू झाली. लागो न लागो, जायचं. कुकर उतरला की जायचं. दुपारची अजान झाली की जायचं. शाळा सुटल्याचा गलका उठला की जायचं. सारजाबाई कुरकुरायची, "मला लागली नाय, आन् ही मला हाकलती गुरासारखी." पण जायची. गोल नेसलेलं लुगडं दोन्ही हातांनी वर घ्यायचं, बसायचं. तांब्या दुपारपर्यंत रिकामा व्हायला लागला. आग थांबली. लुगडी कमी भिजायला लागली. अगदीच थांबली नाहीत. घरात ती गोल नेसायची, पण दारावर कुणी आलं की आतल्या खोलीत पळायची, कासोटा नसलेली पाठ भिंतीला लावून उभी राहायची.

आणि कन्नडचे फोन येत राहिले. आज पेज घेतली. आज नाही घेतली. काल रात्री तुमचं नाव काढलं. आज कुणालाच ओळखलं नाही, मग संध्याकाळी ओळखलं. प्रत्येक फोनानंतर सारजाबाई घरभर फिरायची. तिच्या ओठांवर काहीतरी जुळत असायचं, तुटत असायचं:

*पाण्या रे पाण्या, तुझी दोन्हीकडं रीत*
*आत घेऊ तर लाज, मागं सारू तर तुटती पिरीत*

"अजून आठ दिवस थांबू, चांगली सवय होऊ द्या," आशामती म्हणाली.

"ती थांबंल का आठ दिस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आशामती उठली तेव्हा सारजाबाई लुगडं नेसून तयार होती. हिरवं, चांगल्यातलं. गोल. पदर घट्ट डोक्यावर. "चल. आत्ता नाय निघाले तर कासोटा घालंन आन् घरीच बसंन."

बसस्टँडवर आशामतीनं तिला आधी जाऊन आणलं, मग पुढची, दाराजवळची जागा धरली. बस निघाली. छावणी मागं पडली. सारजाबाई खिडकीची दांडी धरून बसली होती, दांडीवरची बोटं सारखी उघडझाप करत होती. खुलताबादला बस थांबते, तिथं उतरून येऊ, असं आशामतीनं हिशेबात धरलं होतं. पण दौलताबादच्या वेशीशीच बस थांबली ती थांबलीच. त्या जुन्या दगडी दरवाजात उसाचा ट्रक अडकला होता. मागं गाड्या, पुढं गाड्या, भोंग्यांचा कल्लोळ. पेरूवाल्या बाया टोपल्या घेऊन खिडक्यांखाली फिरायला लागल्या.

सारजाबाईनं किल्ल्याकडं बघितलं, ट्रककडं बघितलं, पुन्हा किल्ल्याकडं.

"आशे."

"लागली?"

"लागली नाय. आली."

आशामती ताडकन उठली. "कंडक्टर, उतरू द्या. बाईमाणूस आहे."

"ओ बाई, गाडी सुटली तर मी थांबणार नाय!"

"आधी तो ऊस सुटू द्या की तुमचा!"

रस्त्याकडेला एका पेरूवालीनं फाटक्या ताडपत्रीचं पाल ठोकलं होतं. तिनं एक नजर टाकली आणि म्हणाली, "या मावशी, पालामागं या. आम्ही समद्या तिकडंच जातो."

पालामागं वेशीची जुनी भिंत होती आणि गवत. गुडघे वाकत नव्हते, पण वाकावं लागलंच नाही. चड्डी खाली सारून, गोल लुगडं दोन्ही हातांनी धरून सारजाबाई उभ्यानं मोकळी झाली, रानात तिची आजी व्हायची तशी. आशामती पदर पसरून पाठ करून उभी होती.

"थोडी आधीच सुटली," मागून आवाज आला. रडवेला.

"मग ती फुलांची कशासाठी घातलीय? बाहेर काही दिसत नाही."

"दिसत नाय, पर मला कळतंय ना! हे असं तिच्या बाजेवर झालं म्हंजी? साऱ्यांच्या म्होरं?" सारजाबाई भिंतीला टेकली. वेशीपलीकडं शहराकडं तोंड केलेली एक बस तशीच अडकून उभी होती. ती तिच्याकडं बघायला लागली. "त्या गाडीत बसू. माघारी जाऊ. लोकं म्हणत्यात तसं म्हणू देत, राग धरला म्हणून. रागाची लाज वाटत नाय गं माणसाला."

आशामतीनं नुसती सासूच्या लुगड्याची मागची बाजू झटकली, गवताची कुसळं काढली.

ट्रकनं दरवाजात गुरगुर केली. उसाची दोन-चार कांडी दगडाला घासून खाली पडली आणि तो निघाला. दोन्ही बाजूंच्या गाड्या एकदम जाग्या झाल्या. शहराकडची बस हलली, यांचीही हलली. सारजाबाई दोन्हींच्या मध्ये उभी. मग तिनं आशामतीचा दंड पकडला आणि कन्नडच्या गाडीच्या पायरीवर वठलेला पाय टाकला. "वढ मला वर! बघत काय उभी ऱ्हायली!"

वेरूळ गेलं, गल्लेबोरगाव गेलं. ती एकदाही मागं टेकली नाही.

कडूबाच्या पडवीत बाज होती आणि बाजेवर वच्छलाबाई. एवढीशी झालेली, गोधडीत फक्त नाक आणि डोळे. सारजाबाई दारात उभी राहिली. सुना आतून डोकावल्या. शेजारच्या दोघी कुंपणाशी आल्या. कडूबाच्या बायकोनं तांब्या भरून आणला, पण पुढं करावा की नाही या विचारात ती मध्येच थबकली.

वच्छलाबाईनं डोळे बारीक केले. बहिणीला वरपासून खालपर्यंत बघितलं. आवाज खोल गेला होता, धार नव्हती गेली. "ही कोण म्हणायची? मही बहीण तर कासोट्याची व्हती."

कुंपणाशी कुणीतरी फिसकन हसलं.

सारजाबाईचे हात आपोआप मागं गेले, पाठ झाकायला. मग तिनं ते पुढं आणले.

"आक्का, मला मूत धरवत नाय," ती म्हणाली. दारातूनच, सगळ्यांना ऐकू जाईल असं. हळू बोलायला तिच्यात दमच उरला नव्हता. "दीड वरीस झालं. कासोटा सुटंस्तोवर लुगड्यात व्हती. म्हून गोल नेसते. मागल्या साली म्हून तुझ्या हातचं पाणी घेतलं नाय. राग नव्हता. मांडवात मुतले असते, म्हून."

वच्छलाबाईनं तोंडावरची गोधडी खाली सारली.

"आन् हे सांगाया वरीस लागलं तुला?" ती कशीबशी म्हणाली. "मी हितं देवाला इचारत ऱ्हायले, मह्यं काय चुकलं म्हून. मुताच्या पायी बहीण तोडली व्हय गं, सारजे?"

"व्हय."

"येडी ती येडी." तिनं सुनेकडं मान वळवली. "तिला तांब्या दे की! उभी काय ऱ्हायली? का तुला बी धरवंना?"

सारजाबाईनं तांब्या दोन्ही हातांनी घेतला. घोटभर घेऊन चाललं असतं, रीतीपुरतं. तिनं तोंडाला लावला तो खाली आणलाच नाही. पाणी हनुवटीवरून, गळ्यावरून, हिरव्या लुगड्यावर सांडलं. आशामती मनातल्या मनात मोरी कुठं आहे ते शोधत होती.

मग ती बाजेवर, आक्काच्या पायाशी टेकली. वच्छलाबाईनं गोधडीतून हात काढून तिचं मनगट धरलं आणि वर्षाचं साठलेलं एका दमात काढायला सुरुवात केली. दिवाळीला आली नाहीस. मी पडले तेव्हा आली नाहीस. नागपंचमीला दुसऱ्यांच्या बहिणी आल्या, मी दाराकडं बघत बसले. मधेमधे दम लागायचा, थांबायची, पण मनगट सोडायची नाही.

सारजाबाई ऐकत होती. होकार देत होती. मग तिनं हळूच मनगट सोडवलं आणि उठली.

"कुठं निघाली? मह्यं झालं नाय अजून."

"मह्यं व्हायलंय. तू बोल, मला आयकू येतंय."

आणि भिंत चाचपत, गोल लुगड्याचा घोळ मुठीत धरून ती मोरीकडं चालायला लागली. लगबगीनं, पण लपतछपत नाही. वच्छलाबाई कितीतरी दिवसांनी कोपरावर टेकून अर्धी उठली, मोरीपर्यंत जावा म्हणून आवाज चढवला.

"आन् त्या पोरीला मी नाय म्हणलं नव्हतं, सांगून ठिवते! ते मह्या सुनंनं म्हणलं!"

स्वयंपाकघरात भांडं आदळलं.

"आयकू येतंय का गं?"

मोरीतून मगाचा आवाज आला. "येतंय, येतंय. म्होरं बोल."